कोणता काटा खरा?

एकविसावा दिवस उलटला आणि उबवणी यंत्रातल्या निम्म्या अंड्यांतून पिल्ले निघाली नाहीत, की आपल्याकडे निदान तयार असते: पाणी कमी पडले. अंडे फोडून आत पाहण्याआधीच पुढच्या खेपेची तयारी सुरू होते. भांड्यात दुप्पट पाणी, कोपऱ्यात ओले फडके, हाताशी फवाऱ्याची बाटली. पुढच्या खेपेलाही पिल्ले कवचातच मरतात. मग आणखी पाणी. जो पदार्थ रोग्याला बाधला तोच पदार्थ औषध म्हणून वाढवत नेणारा वैद्य गावात असता, तर गावाने त्याला कधीच हाकलले असते. कोंबडीच्या अंड्यांच्या बाबतीत मात्र हा वैद्य घरोघरी आहे आणि त्याचा शब्द शेवटचा मानला जातो.

त्या वैद्याचे म्हणणे मला खोडून काढायचे आहे. पण आधी ते नीट मांडतो. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात मर्दुमकी नाही, आणि या पूर्वपक्षात तर बरेच अनुभवी हात आहेत.

त्यांचे म्हणणे असे. पिल्लू ओलीत वाढते, म्हणून अंड्यातले पाणी जितके टिकेल तितके चांगले. खुडूक कोंबडी घराच्या ओलसर, अंधाऱ्या कोपऱ्यात बसते, आणि उन्हाळ्यात घरातली बाईमाणसे अंड्यांवर पाण्याचा हबका मारत आली आहेत. ही पिढ्यांची शहाणीव आहे. पुस्तके आणि यंत्राबरोबर येणारी माहितीपत्रकेही पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता सांगतात. मोठ्या हॅचऱ्या याच आकड्यांच्या आसपास चालतात आणि लाखो पिल्ले काढतात. शेवटी डोळ्यांना दिसणारा पुरावा: न निघालेले पिल्लू पापुद्र्याला चिकटलेले असते. चिकटले, म्हणजे सुकले. सुकले, म्हणजे पाणी कमी.

पाचही मुद्दे ऐकायला सरळ आहेत. आता एकेक तपासू.

पहिला मुद्दा, अंड्यातले पाणी वाचवले पाहिजे. हा सगळ्या गैरसमजाचा पाया आहे, आणि तोच कच्चा आहे. अंड्याचे कवच म्हणजे बंद डबा नव्हे. कोंबडीच्या अंड्याला दहा हजारांच्या आसपास सूक्ष्म छिद्रे असतात. हेरमान रान, अमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या शरीरशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात या छिद्रांचा हिशेब मांडला. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या फेब्रुवारी १९७९च्या अंकात तो सर्वसामान्य वाचकांसाठीही आला. ६० ग्रॅमचे अंडे एकवीस दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि ११ लिटर पाण्याची वाफ गमावते. ही वाफ वजनात सुमारे ९ ग्रॅम भरते. म्हणजे अंड्याच्या मूळ वजनाच्या १५ टक्के.

ही गळती निसर्गाची चूक म्हणावी काय? उलट आहे. वाढणारे पिल्लू बलकातली चरबी जाळून जगते, आणि ग्रॅमभर चरबी जळली की ग्रॅमहून थोडे अधिकच पाणी तयार होते. अंडे स्वतःच पाणी निर्माण करत असते. हे जादा पाणी बाहेर गेले नाही तर पिल्लू आपल्याच घरात बुडेल. शिवाय पाणी जाते तेवढी जागा रिकामी होते, आणि ती रिकामी जागा म्हणजे अंड्याच्या रुंद टोकाची हवेची पोकळी. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडते आणि आयुष्यातला पहिला श्वास फुप्फुसाने घेते तो याच पोकळीतून. कवच फोडण्याच्या कितीतरी तास आधी. ज्याने पाणी वाचवले त्याने पोकळी लहान ठेवली, आणि ज्याने पोकळी लहान ठेवली त्याने पिल्लाचा पहिला श्वास कापला. पाणी गमावणे हे उबवणीचे कामच आहे. प्रश्न उरतो तो किती गमवायचे एवढाच. अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या ११ ते १३ टक्के, हे त्याचे आज सर्वमान्य उत्तर.

दुसरा मुद्दा खुडूक कोंबडीचा. तिला साक्षीला बोलावणाऱ्यांनी तिची साक्ष पूर्ण ऐकली आहे का? ती टोपलीतल्या पेंढ्यावर, राखेवर नाहीतर भुशावर बसते. पोटाची पिसे झडून उघडी पडलेली कातडी अंड्यांना भिडवते. दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते, धुळीत लोळून येते आणि पुन्हा बसते. पाण्याचे भांडे ती टोपलीत नेत नाही. घरट्यातली आर्द्रता मोजण्यासाठी रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली होती. कवचातला ऐवज काढून त्यात ओल शोषणारे सिलिका जेल भरायचे, ते अंडे घरट्यात इतर अंड्यांबरोबर ठेवायचे आणि त्याचे वजन किती वाढले ते पाहायचे. पक्षी या आर्द्रतामापकावर निमूट बसले. मोजमाप स्पष्ट होते. घरट्यातली हवा ओलीने थबथबलेली नसते. अंड्यातून वाफ सतत बाहेर पडत राहील इतकी ती कोरडी असते.

आणि हबका? रखरखीत मे महिन्यात, टोपलीतल्या दहा-बारा अंड्यांवर, बाहेरची हवा पाणी ओढून घेत असताना मारलेला हबका समजू शकतो. पण त्याचा मोठा परिणाम अंडी गार होण्याचा आहे, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. तोच हबका बंद यंत्रात, श्रावणात, ओल्या कवचावर मारला तर छिद्रांतून जंतूंना आत शिरायला ओली वाट मिळते. परंपरा पाळायची तर तिचा ऋतूही पाळावा.

तिसरा मुद्दा पुस्तकातल्या आकड्याचा. मला सर्वात जास्त भांडायचे आहे ते इथे. ५५ टक्के कशाचे? आर्द्रतेचा हा आकडा सापेक्ष असतो. हवा त्या तापमानाला जितकी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे, एवढेच तो सांगतो. हवा तापली की तिची वाफ धरण्याची ताकद वाढते आणि आकडा खाली येतो, एक थेंबही कमी न होता. यंत्राचे तापमान साडेसदतीस अंश सेल्सियस. बाहेरची हवा आत येऊन तापली की काय होते, त्याचा हिशेब कुणीही करू शकतो.

जुलैत कोकणात २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. ती साडेसदतीस अंशांना तापवली की आर्द्रता उरते सुमारे ५३ टक्के. मे महिन्यात नागपूरला दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के असेल तर यंत्रात होतात साधारण २० टक्के. आता डिसेंबरातली पुण्याची पहाट. १२ अंश, ८० टक्के, गवतावर दव. या हवेला कोरडी कोण म्हणेल? यंत्रात शिरताच ती १७ टक्क्यांवर येते. दवाने भिजलेली पुण्याची पहाट यंत्राच्या दृष्टीने नागपूरच्या वैशाखापेक्षाही कोरडी! तेव्हा भांड्यात पाणी किती ठेवायचे, हे सांगणारा एकच नियम कोकणातल्या कुडाळला, नागपुरात आणि पुण्यात, बारा महिने लागू पडेल कसा? आणि महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर विरळ हवेत वाफ छिद्रांतून १५ ते १८ टक्के अधिक वेगाने निसटते. आर्द्रतेचा आकडा तोच, गळती वेगळी.

बाहेरची हवा बाजूला ठेवली तरी अंडी कुठे सारखी असतात? गावरान कोंबडीचे अंडे लहान, गिरिराजचे मोठे. म्हाताऱ्या कोंबडीचे कवच पातळ, तलंगेचे टणक. एकाच यंत्रात, एकाच आर्द्रतेत, शेजारशेजारची दोन अंडी वेगवेगळे पाणी गमावतात. आकडा हवेचे वर्णन करतो, अंड्याचे नव्हे. पिल्लू मात्र अंड्यात असते.

आकडा पाळण्याआधी तो दाखवणारे उपकरण तरी तपासले आहे का? स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. झाकणात मीठ घ्या, ते ओलसर लगदा होईल एवढेच पाणी घाला, मापकाबरोबर हवाबंद बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५वर हवा. जो ६८ दाखवतो त्याच्या ५५वर किती भरवसा ठेवायचा?

चौथा मुद्दा मोठ्या हॅचऱ्यांचा. त्या आकडे पाळतात हे खरे. जुन्या पठडीत तर कोरड्या तापमापकाला ९९.५ ते १०० अंश फॅरनहाइट आणि ओल्या वातीच्या तापमापकाला ८४ ते ८६ अंश हे पाठच असते. पण हा आकडा त्यांच्याकडे आला कुठून? तिथे एका वयाच्या, एका जातीच्या कळपाची अंडी असतात. ट्रे यंत्रात जाताना तोलला जातो आणि अठराव्या दिवशी बाहेर काढतानाही तोलला जातो. घट चुकली की आर्द्रता बदलतात. त्यांचा आकडा हे वजनाचे उत्तर आहे. आपण उत्तर उचलले आणि गणित टाकून दिले. याहून बोलका पुरावा एकाच वयाच्या अंड्यांनी भरलेल्या आधुनिक यंत्रांचा आहे. त्यांत पहिले काही दिवस हवेची दारे जवळपास बंद ठेवून आर्द्रता मुद्दाम चढू देतात आणि नंतर दारे उघडून ती खाली आणतात. ५५चा आकडा पवित्र असता तर हे पाप ठरले असते. पिल्ले तरीही उत्तम निघतात, कारण अठराव्या दिवसाची एकूण घट बरोबर साधलेली असते. तपशील बदलला, बेरीज राखली.

पाचवा मुद्दा, चिकटलेले पिल्लू. हा पूर्वपक्षाचा हुकमी साक्षीदार. मीही त्याच्यावर विश्वास ठेवला होता, म्हणून माझीच फजिती सांगतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी सिंधुदुर्गातल्या घरी मी थर्माकोलच्या खोक्याच्या यंत्रात तीस अंडी मांडली. पुस्तकाशी इमान राखून भांडे सदैव भरलेले. मापक ६५ दाखवत होता आणि मी समाधानी होतो. बाविसाव्या रात्री बहुतेक अंडी गप्पच. तेविसाव्या सकाळी शेजारच्या आबांसमोर एक अंडे रुंद टोकाकडून सोलले. जिथे अंड्याचा जवळपास तिसरा हिस्सा मोकळा असायला हवा होता, तिथे पोकळी रुपयाच्या नाण्याएवढी. तिच्याखाली पापुद्रा ताणून बसवलेला. तो फाटताच पिवळसर पाणी माझ्या मनगटावरून ओघळले. पिल्लू पूर्ण वाढलेले होते. मान सुजलेली, पोट पाणी भरलेल्या फुग्यासारखे मऊ, लव बुळबुळीत पदार्थाने अंगाला लिंपलेली. चोच पापुद्र्याच्या आतच राहिली होती. हवेपर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

आबांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाले, "सुकान गेला रे बिचारा. पाणी कमी पडला."

असे म्हणत त्यांनी ओली बोटे पंच्याला पुसली.

त्या ओल्या बोटांकडे पाहून मला पहिल्यांदा शंका आली. पुढच्या चार अंड्यांत हेच. एका अंड्यात पिल्लाने कवच फोडले होते आणि ते तिथेच चिकटून मेले होते. ते मात्र सुकलेलेच दिसत होते. पण त्याच्या अंगावर खळ वाळावी तसा पिवळट कडक थर होता. हा थर म्हणजे न आटलेला, उरलेला पांढरा द्रव. अंडे वेळेवर कोरडे झाले नाही म्हणून तो उरला, आणि कवचाला भोक पडून हवा लागताच तो डिंकासारखा वाळला. पिल्लाला मारणारी ओल होती. शेवटच्या तासातल्या कोरडेपणाने फक्त तिच्यावर शिक्का मारला. अंडी नीट न फिरवल्यानेही असा द्रव उरतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

खरोखर सुकलेल्या पिल्लाची खूण वेगळी आहे. पोकळी प्रमाणाबाहेर मोठी, पिल्लू लहान आणि काटकुळे, पापुद्रा पांढरा, कागदासारखा ताठ, अंगाला घट्ट आवळलेला. अंगावर चिकट द्रव नाही. दोन रोग, दोन लक्षणसमूह, औषधे परस्परविरुद्ध. लक्षण न पाहता दोघांनाही पाणी पाजणाऱ्याला वैद्य म्हणायचे का, हे वाचकांनीच ठरवावे.

आता पूर्वपक्षाला जे देणे आहे ते देतो. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता वाढवावी हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पिल्लाने कवच फोडले की उघडा पडलेला पापुद्रा पंख्याच्या वाऱ्याने सुकतो. तोवर गळतीचे मुख्य काम उरकलेले असते, म्हणून ६५-७० टक्क्यांनी तेव्हा नुकसान होत नाही. या दिवसांत कौतुकाने झाकण उघडून पाहणाऱ्याचा हात कोणत्याही कोरड्या ऋतूपेक्षा घातक. नागपूरच्या उन्हाळ्यात आणि पुण्याच्या थंडीत पाणी ठेवावेच लागते, हेही मान्य. म्हणून एक थेंबही पाणी न घालता ‘कोरडी उबवणी’ करा म्हणणाऱ्या नव्या पंथाचाही मी नाही. त्यांनीही एका ठिकाणचा अनुभव उचलून सर्वांच्या माथी मारला आहे. चूक जुनीच, दिशा उलटी.

खंडन झाले. मंडन त्याहून सोपे आहे. पन्नास ग्रॅमची तीस अंडी म्हणजे ट्रे वगळून दीड किलो. अठरा दिवसांत १२ टक्के घट म्हणजे १८० ग्रॅम. म्हणजे रोजचे १० ग्रॅम. एवढे गणित शाळकरी पोरही तोंडी करील. मिठाई तोलायचा एका ग्रॅमचा काटा पुरतो. सातव्या दिवशी ट्रे १,४३०च्या आसपास, अठराव्या दिवशी १,३२०च्या आसपास. बत्तीच्या उजेडात तपासताना नासकी अंडी निघाली तर त्यांचे वजन दोन्ही बाजूंनी वजा करायचे.

घट चुकली तर किती बदलायचे, तेही ठरवता येते. अंड्याच्या आतली हवा वाफेने भरलेली, म्हणजे १००. यंत्रात ५० असेल तर वाफ बाहेर ओढणारा फरक ५०चा. यंत्रात ६५ असेल तर फरक ३५चा. गळती या फरकाच्या प्रमाणात चालते. समजा, ६५ टक्क्यांवर सात दिवसांत ७०ऐवजी ५० ग्रॅमच गेले. उरलेल्या अकरा दिवसांत १३० जायला हवेत, म्हणजे रोज सातऐवजी जवळजवळ बारा. त्यासाठी फरक ३५वरून ५८वर न्यावा लागेल. म्हणजे आर्द्रता ४२वर. कोकणातल्या जुलैत ते जमणार नाही, कारण बाहेरची हवाच ५३ घेऊन येते. पण पहिल्या दिवसापासून भांडे कोरडे ठेवले असते तर याच ५३ टक्क्यांवर अठरा दिवसांत ढोबळ मानाने साडेअकरा टक्के घट झाली असती. हवी तेवढीच. लागणारी सगळी ओल आभाळच पुरवत होते. मी तिच्यात भांडे भरभरून भर घालत होतो.

आणखी दोन चुका जाता जाता. भांडे खोल भरल्याने आर्द्रता वाढत नाही. वाफ पृष्ठभागावरून निघते, म्हणून वाढवायची तर भांडे पसरट घ्यावे आणि कमी करायची तर अरुंद. आणि ओल कोंडण्यासाठी हवेची भोके बुजवू नयेत. शेवटच्या आठवड्यात पिल्लांना प्राणवायू सर्वात जास्त लागतो, आणि तो त्याच भोकांतून येतो.

दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. एका बाजूला आर्द्रतामापकाचा काटा आहे. तो हवेबद्दल बोलतो, मिठाच्या परीक्षेत बहुधा नापास होतो आणि ऋतू बदलला की त्याचा अर्थ बदलतो. दुसऱ्या बाजूला तराजूचा काटा आहे. त्याला जात, ऋतू, उंची, कवच यांतले काहीच कळत नाही, पण या सगळ्यांनी मिळून अंड्याचे काय केले ते तो ग्रॅममध्ये सांगतो. आबांनी यंदा जुलैत माझ्याकडून काटा नेला. भांड्यात पाणी घालायचे की नाही, हे त्यांनी मला विचारले नाही. सातव्या दिवशी फक्त आकडा सांगायला आले: "चौदाशे बत्तीस."

भांडे कोरडेच होते.